गुरुदास मेतर आणि पोथ्यांची गार खोली

गुरुदास मेतराला अख्खं मालवण ‘हिमालय’ म्हणायचं, आणि त्यात कौतुकापेक्षा चेष्टाच जास्त होती. ऐन वैशाखात, अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना, हा माणूस बंदरावरच्या चहाच्या दुकानात बसून बर्फाच्या गोष्टी सांगायचा.

उमेदीची सगळी वर्षं त्याने एका गोऱ्या कंपनीच्या बोटीवर काढली होती. ती बोट ऑस्ट्रेलियातून मांस, लोणी आणि सफरचंदं भरून घ्यायची आणि पार विलायतेत नेऊन उतरवायची. तिच्या पोटातली गार कोठारं सांभाळणं हे गुरुदासचं काम. वर डेकवर लोखंड पायाला चटके देतंय आणि खाली हा लोकरीची टोपी कानांवर ओढून नळ्यांवर साचलेला बर्फ खरवडतोय, असं त्याचं आयुष्य.

“माज्या राखणीत एक बोकड कुसलो नाय!” तो टेबलावर थाप मारून सांगायचा. “विलायतेचो राजा ज्या मटणार जेवलो, ता मटण माज्या कोठारातला!”

“होय रे हिमालया,” कोणीतरी म्हणायचं, “पण तुजी च्या थंड झाली ती बघ आधी.”

सत्तावन्न साली कंपनीने ती बोट भंगारात काढली आणि गुरुदास कायमचा घरी आला. त्याची बायको मथुरा आजवर दोन-दोन वर्षांनी नवरा बघत आली होती. आता तो रोज घरात होता आणि रोज बोलत होता. महिनाभरात ती शेजारणीला म्हणाली, “बोट बरी होती गो. निदान समुद्र तरी ऐकून घेय.”

पण मथुरेच्या आणि गुरुदासच्या नशिबाने त्याच सुमाराला दाजी पारकरांनी बंदराच्या अंगाला बर्फाचा कारखाना काढला. दाजी मासळीचे आणि नारळाचे व्यापारी. सुरमई, पापलेट मुंबईला धाडायचं तर बर्फ हवा, आणि बर्फाची यंत्रं समजणारा माणूस साऱ्या तालुक्यात एकच होता. गुरुदास कारखान्यात लागला. मोठं तेलाचं इंजिन, त्याच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर, मिठाच्या पाण्याचा हौद आणि त्यात बुडवलेले बर्फाचे डबे, असा त्याचा नवा संसार सुरू झाला.

साठ सालची नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या आणि पावसाळाभर बंद असलेला कारखाना पुन्हा धडधडू लागला. त्याच आठवड्यात एका दुपारी सुशीला सामंत छत्री मिटत कारखान्याच्या दारात उभ्या राहिल्या. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या या बाई संध्याकाळी बाजारपेठेतलं छोटं वाचनालय चालवायच्या. मूळच्या धामापूरच्या, बारीक अंगाच्या, पण आवाज असा की शेवटच्या बाकावरची मुलगीही दचकून सरळ बसावी. त्यांच्या हातात लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

“गुरुदासभाऊ, तुम्ही मासळी राखता. हिला राखाल?”

फडकं सोडलं तर आत पोथी होती. कडांवर हिरवट बुरशी चढली होती आणि पानं तव्याला चिकटलेल्या घावनासारखी एकमेकांना धरून बसली होती.

बाईंनी मग सगळं सांगितलं. गेली काही वर्षं त्या घरोघर फिरून जुन्या हस्तलिखित पोथ्या वाचनालयासाठी गोळा करत होत्या. मिठबावच्या वैद्यांच्या औषधांच्या पोथ्या होत्या, धामापूरच्या एका घरातलं देवीच्या उत्सवांचं बाड होतं, दशावतारी मंडळींची पदं होती. लोकांनी विश्वासाने दिलं होतं, “बाई, जपा” एवढंच सांगून. घरी असताना या पोथ्या चुलीवरच्या माळ्यावर असत. धूर खाऊन काळ्या पडत, पण टिकत. वाचनालयात त्या काचेच्या कपाटात गेल्या आणि पावसाच्या दमट हवेने त्यांचं हे असं झालं.

“लोकांनी माझ्या हातात दिल्या होत्या हो,” बाई म्हणाल्या. “परत मागायला आले तर काय दाखवू?”

गुरुदासने छाती पुढे काढली. “बाई, मटण राखलंय, लोणी राखलंय. पोथी ती काय! तिका तर हाडूकय नाय.”

आणि तो कामाला लागला. वाचनालयाच्या मागे एक अडगळीची खोली होती. तिच्या भिंतींना आतून फळ्या मारून मधल्या फटीत त्याने भाताचं तूस ठासून भरलं. वर छताजवळ पत्र्याची मोठी तबकं टांगली आणि त्यांत छतातल्या झडपेतून रोज दाजींच्या कारखान्यातल्या बर्फाच्या लाद्या सोडायला सुरुवात केली. दार लावून घेतलं की आत हुडहुडी भरायची. गुरुदास खूश. तो पोथ्या लगेच आणायला निघाला होता, पण बाईंनी अडवलं. “आधी रद्दी ठेवा. जुनी वर्तमानपत्रं ठेवा. महिनाभराने बघू.”

महिनाभराने दार उघडायच्या दिवशी गुरुदासने अर्धं बंदर गोळा केलं. नारळ फोडला. ऐटीत दार ओढलं. आतून धुक्याचा लोट बाहेर आला आणि पहिल्या रांगेतल्या लोकांच्या तोंडावर बसला. फळ्यांवरून पाणी टिपकत होतं. वर्तमानपत्रांचा लगदा झाला होता, बोट लावलं तर बोट आत जात होतं.

मागून बाबलीचा आवाज आला. बाबली खोबरेकर म्हणजे बंदरावरचा नावाजलेला होडीवाला, आणि त्याची जीभ त्याच्या सुरीइतकीच धारदार.

“हिमालय वितळलो रे!”

हशा असा उसळला की समोरच्या नारळीवरचे कावळे उडाले.

गुरुदासने दार ओढून घेतलं. लोक पांगल्यावर तो परत आत गेला आणि कोपऱ्यातल्या वरच्या फळीवर हात घालून एक पुडकं काढलं. बाईंनी रद्दी ठेवायला सांगितली होती, पण त्याने कोणाला न सांगता आपल्या बापाची पोथी आत ठेवली होती. बाप तांडेल होता. गलबत घेऊन कालिकतपर्यंत जायचा. त्याने स्वतःच्या हाताने मोडीत लिहिलेली ती वाटांची पोथी. गुरुदासला मोडी येत नव्हती, त्याने ती कधी वाचलेली नव्हती, पण स्वतःच्या खोलीवर त्याचा एवढा भरवसा होता की घरातली सर्वांत मोलाची वस्तू त्याने आधी तिथे नेली होती.

पुडकं घेऊन तो सरळ सुशीलाबाईंच्या घरी गेला. ओटीवर उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, माजी चूक झाली. ही वाचवा.”

बाईंनी पुडकं हातात घेतलं. टिपकागद काढले, सुपं मांडली आणि एकेक पान सुईच्या टोकाने सोडवून सावलीत वाळत घालायला सुरुवात केली. दोन पानांवरची शाई पार वाहून गेली होती. बाकीची निघाली. पान सुटलं की बाई त्यावरून नजर फिरवायच्या आणि सहज मोठ्याने वाचायच्या.

“‘निवतीचे खडक दिसताच उजवे हाती टाकावे. पाण्याचा रंग फिरेल तेथे शीड उतरावे, घाई करू नये. घाईने माझा भाऊ गेला.’”

गुरुदास सुपावर वाकला होता तो तसाच राहिला.

“परत वाचा.”

बाईंनी परत वाचलं.

“काकाचा माका ठावक नव्हता,” तो म्हणाला. “बाबा कदी बोललो नाय.”

त्या दिवशी गुरुदास घरी गेला तो वेगळाच माणूस होऊन गेला, असं मथुरा पुढे सांगायची. बडबड होती, पण त्या बडबडीला आता दिशा आली होती.

दुसऱ्या दिवशीपासून तो आणि बाई ओटीवर पाटी-खडू घेऊन बसू लागले. कुठे चुकलं? बाईंनी मुंबईहून एक-दोन पुस्तकं मागवून वाचली होती. त्यांचं म्हणणं असं, की नुसती थंडी पोथीच्या कामाची नाही, थंडीबरोबर हवा कोरडी हवी. बर्फ वितळतो म्हणजे आपणच खोलीत पाणी ओततो आहोत. गुरुदास डोकं खाजवत राहिला आणि मग एकदम मांडीवर थाप मारून उठला.

“सफरचंदा!”

“काय?”

“बोटीर सफरचंदांचा कोठार वेगळा असायचा, बाई. थंय नळये एका खणात कोंडलेले. पंखो वारो ओढून नळयांर नेय. वाऱ्यातला पाणी थंयच गोठून रवायचा, आणि कोरडो वारो फळांकडे जायचो. माका वाटायचा, ही सगळी नाटकां. मी आपलो मटणवालो, तेंका हसायचंय!”

बाईंनी पाटीवर खोलीचा चौकोन काढला, त्यात आडवी रेघ मारली. रेघेच्या अलीकडे पोथ्या, पलीकडे नळ्या. गुरुदासने पंखा काढला आणि वितळलेलं पाणी बाहेर नेणारी पन्हळ काढली. मग बाईंनी खडू परत घेतला आणि दारापुढे आणखी एक छोटा चौकोन जोडला. “एक दार उघडलं की दमट वारा थेट आत घुसणार. दोन दारं करू. मधल्या जागेत माणूस थांबेल. आणि पोथी बाहेर काढायची झाली तर तीही इथेच थांबेल, फडक्यात गुंडाळून. गार वस्तू एकदम बाहेर आणली की तिला घाम फुटतो.”

खोलीचं चित्र असं जुळत होतं, तोच कार्तिकात मुंबईहून एक अधिकारी आले. कोकणातल्या जुन्या ग्रंथांची पाहणी त्यांच्याकडे होती. मृदू बोलणारे, चष्मा पुसत पुसत ऐकणारे गृहस्थ. त्यांनी वाचनालयातली कपाटं पाहिली, बुरशी पाहिली आणि खिन्न झाले.

“बाई, राग मानू नका. हे धन इथे कुजेल. मुंबईला नेऊ द्या. मी नीट सांभाळून ठेवायची व्यवस्था करतो.”

“आणि मिठबावच्या वैद्यांना आजोबांची पोथी बघायची झाली तर?”

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“एक पावसाळा द्या,” सुशीलाबाई म्हणाल्या. “येत्या पावसात पोथ्या आमच्या खोलीत राहतील. आश्विनात तुम्ही या, उघडून बघा. एका पानाला जरी बुरशी दिसली तर मी स्वतः गाठोडी बांधून देईन.”

साहेबांनी दोघांकडे पाहिलं. गुरुदासने खोलीचं चित्र काढलेली पाटी पुढे धरली. साहेब हो म्हणाले.

खर्चासाठी गावाने दशावताराचा एक खेळ लावला, दाजींनी जागा दिली, आणि गुरुदास पौषात आगबोटीने मुंबईला गेला. दारूखान्यात जुन्या बोटी तोडतात तिथे तो दिवसचे दिवस भंगारातून फिरला. एका मोडक्या बोटीच्या कोठाराच्या भिंतींत गारवा राखायला बसवलेलं बूच त्याने फळ्याफळ्यांनी सोडवून घेतलं, तांब्याच्या नळ्या न घेता लोखंडी घेतल्या, कारण यंत्रातला अमोनिया वायू मिठाच्या पाण्यात जरा जरी झिरपला तरी तांबं खातो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि शेवटी त्याला ते दार दिसलं. गार कोठाराचं अस्सल दार, वीतभर जाड, आत बूच भरलेलं, कडेला रबराची झालर आणि लांब पितळी दांडा. दांडा दाबला की दार श्वास रोखल्यासारखं बसायचं.

दार आगबोटीतून मालवणपर्यंत आलं. पण आगबोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राहायची, आणि माणसं-सामान पडावांतून, म्हणजे मोठ्या होड्यांतून, किनाऱ्यावर यायचं. दार पाहून पडाववाल्यांनी हात वर केले. “ह्या घातला तर पडाव पालथो होतलो.” बोटीचे लोक घाई करत होते. कप्तानाने भोंगा दिला. गुरुदास कठड्याशी उभा राहून ओरडून थकला. तेवढ्यात खालून ओळखीचा आवाज आला.

“हिमालया! दार हाडलंस, पण घर खंय आसा?”

बाबली आपल्या होडीत उभा होता. गुरुदास चिडून काही बोलणार, पण बाबलीचं लक्ष दाराकडे होतं. त्याने डोळ्यांनीच वजन जोखलं, भावाची होडी हाक मारून बोलावली, दोन्ही होड्या शेजारी लावल्या आणि त्यांच्यावर आडव्या काठ्या टाकून सुंभाने करकचून बांधल्या. बोटीच्या सामान उतरवायच्या यारीवरून दार हळूहळू खाली आलं. दोन्ही होड्या कडेपर्यंत दबल्या, एक लाट आत आली, आणि तरल्या. किनाऱ्यावर येईपर्यंत बाबली तोंडाने शिव्या आणि देवाचं नाव आलटून पालटून घेत होता. दार वाळूवर टेकलं तेव्हा बंदरावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

“कित्याक केलंस रे?” गुरुदासने विचारलं.

“तुका हसाचा तर दार तरी नीट पोचूक होया,” बाबली म्हणाला आणि ओली लुंगी पिळत निघून गेला.

फाल्गुनात कारखान्याच्या भिंतीला लागून खोली उभी राहिली. चिऱ्याची दुहेरी भिंत, मध्ये चुना मिसळलेलं तूस, आतून डांबरावर चिकटवलेलं बूच, फणसाच्या लाकडाच्या फळ्या. कारखान्याच्या हौदातलं थंडगार मिठाचं पाणी नळ्यांतून खोलीच्या मागच्या खणात फिरायचं आणि इंजिनाच्याच पट्ट्यावर पंखा चालायचा. बाईंनी आत एका बशीत शिरोड्याचं खडे मीठ ठेवलं. दमट हवेत मिठाला पाणी सुटतं हे कोकणातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. आठवड्याने पाहिलं तर मीठ कोरडं ठणठणीत, बोटांतून खुळखुळत होतं.

सगळं जमलं होतं. आणि वैशाख संपता संपता दाजी पारकर कुलूप घेऊन कारखान्यात आले.

“चल गुरुदास, इंजिन धूवन पुसून ठेव. पाऊस इलो.”

“ठेव म्हणजे? पोथ्यांचा काय?”

“पोथ्यांचा काय म्हणजे? पावसात मासो नाय, बर्फ नाय. मोठा इंजिन कोणासाठी फिरवू?”

“दाजीनू, तुमी खोलीक होय म्हटलास!”

“होय म्हटलंय. पण हंगामापुरता. माका वाटला, मासळीसारखाच आसतला.”

खोटं कोणीच बोललं नव्हतं. दाजींना जी थंडी उन्हाळ्याची वाटत होती ती पोथ्यांना नेमकी पावसात हवी होती, आणि एवढी साधी गोष्ट कोणी स्पष्ट विचारली नव्हती. दाजींवर रागावण्यात अर्थ नव्हता. ते राक्षसी इंजिन एका खोलीसाठी चार महिने चालवणं कोणालाच परवडलं नसतं. कोपऱ्यात दाजींनी सुरुवातीला आणलेला एक छोटा कॉम्प्रेसर पडून होता, खोलीपुरता पुरेसा. पण तो फिरवायला छोटं इंजिन हवं, आणि ते आणायचं कुठून?

गुरुदास चहाच्या दुकानात येऊन बसला. कोणी काही विचारायच्या आत त्याने सगळं सांगून टाकलं. कोणी हसलं नाही. बाबली पलीकडच्या बाकावर होता. त्याने बशीतला चहा संपवला, मिशी पुसली.

“माजा इंजिन ने.”

“काय?”

“होडयेचा. पावसात होडी माडाच्या झापाखाली, इंजिनय झापाखाली. चार म्हयने नुसता गंज खाता. फिरव तेका, बरा रवतला.” मग जरा अवघडून, दुसरीकडे बघत म्हणाला, “माज्या बापाशीच्या हातची दशावताराची पदां आसत घरात. अर्धी कसरीन खाल्ली. उरलेली तुज्या खोलीत ठेव. काय?”

गुरुदासने उठून बाबलीला मिठी मारली, आणि बाबली “सोड मेल्या, लोक बघतत” असं म्हणत राहिला.

बाबलीच्या होडीचं इंजिन बैलगाडीतून कारखान्यात आलं. त्याच्यासाठी गुरुदासने लाकडी बैठक केली, छोट्या कॉम्प्रेसरला आणि पंख्याला पट्टा जोडला. खोलीच्या भिंती एवढ्या पक्क्या होत्या की सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ यंत्र चाललं की पुरे. तेलासाठी वाचनालयाच्या सभासदांनी वर्गणी काढली. आणि इंजिनावर नजर ठेवायला माणसं मिळाली ती अशी: पावसात घरी बसलेले मच्छीमार आपली जाळी घेऊन दाजींच्या शेडमध्ये विणायला यायला लागले. जागा कोरडी, सोबत गप्पा-गजाली, आणि मध्येच कोणीतरी उठून इंजिनात तेल घालायचं. आषाढात हवा इतकी दमट झाली की पट्टा घसरू लागला. तेव्हा सुशीलाबाई स्वतः राळेचा खडा घेऊन आल्या, पदर खोचून पट्ट्याला राळ चोळून गेल्या. श्रावणातल्या एका वादळात शेडचे पत्रे उडाले, तर दहा-बारा जणांनी होडीचं शीड इंजिनावर धरून उभं राहून त्याला भिजू दिलं नाही. त्यांच्यात दाजी पारकरही होते, धोतर गुडघ्यावर घेऊन.

“मासळीसाठी एवढा कधी केला नाय,” दाजी ओरडत होते. “पोथयेसाठी करतंय!”

गुरुदास रोज मिठाची बशी बघायचा. घरी मथुरेच्या मिठाच्या बरणीत पाण्याचं तळं झालं होतं. खोलीतलं मीठ खडखडत होतं.

आश्विनात साहेब आले. सोबत त्यांनी हवेतली ओल मोजायचं यंत्र आणलं होतं. बंदरावर बातमी पसरली आणि कारखान्यापुढे माणसांची दाटी झाली. गुरुदासने पहिलं दार उघडून साहेबांना आणि बाईंना मधल्या जागेत घेतलं, दार लावलं.

“आता थांबा जरा, साहेब. अंगावरचा दमट वारा इथेच राहू दे.”

साहेब थांबले. मग गुरुदासने पितळी दांडा दाबला. दार हलकेच उघडलं. आत कोरडी, गार, फणसाच्या लाकडाचा वास असलेली हवा होती. फळ्यांवर लाल फडक्यांतली गाठोडी ओळीने बसली होती. साहेबांनी यंत्र टेबलावर ठेवलं. काटा हलला, खाली सरकला आणि स्थिरावला. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

मग त्यांनी मिठबावची औषधांची पोथी उचलली. एक पान उलटलं. सळसळ झाली, वाळलेल्या पिंपळपानासारखी. दुसरं उलटलं, तिसरं. धामापूरचं बाड घेतलं. बाबलीच्या बापाची पदं घेतली. साहेबांनी एकही पोथी सोडली नाही.

“बाई,” साहेब शेवटी म्हणाले, “यातली एकही पोथी मी नेणार नाही. कुठल्या तोंडाने नेऊ?”

ते बाहेर आले आणि दाटीसमोर उभे राहिले. त्यांनी नुसते हात जोडले. तेवढ्यावरच सगळ्यांना कळलं. बाबलीने गुरुदासला खांद्यावर उचलून घेतलं आणि सारं बंदर ओरडलं, “हिमालय! हिमालय!” नाव तेच होतं. पण त्या दिवशी ते ऐकून मथुरेने डोळ्याला पदर लावला.

त्यानंतर गुरुदासला उसंत मिळाली नाही. शिरोड्याच्या एका घराण्याने आपल्या पोथ्यांसाठी खोली मागितली. तिथे ना कारखाना होता ना इंजिन, म्हणून त्याने उत्तरेच्या अंगाला जाड भिंतींची खोली बांधून शिंपल्यांच्या चुन्याचे हंडे ठेवले. न भिजवलेला चुना हवेतली ओल पितो, ही बाईंची युक्ती. गोवा मोकळा झाल्यावर पलीकडच्या एका जुन्या घरातून बोलावणं आलं. तिथले पोर्तुगीज कागद जड पुठ्ठ्यांचे, त्यांना थंडी कमी आणि वारा जास्त हवा होता. प्रत्येक खोली त्याने त्या जागेच्या मापाने बेतली. बाई आराखडा काढायच्या, तो बांधायचा, आणि दोघांचं भांडण झालं नाही अशी एकही खोली नाही. मालवणात वीज आली तशी मूळ खोलीला मोटर लागली. बाबलीच्या इंजिनाची पावसातली नोकरी संपली. इतकी वर्षं न गंजलेलं ते इंजिन बाबली मग अभिमानाने सगळ्यांना दाखवायचा.

सहासष्टच्या मे महिन्यात साहेबांचा निरोप आला, आणि पाठोपाठ आगबोटीने एक मोठी शिसवी पेटी आली. मुंबईच्या एका जुन्या घरातला पोथ्यांचा संग्रह. त्या घराचं छप्पर गळत होतं, आणि पावसाळाभर तो संग्रह कुठे ठेवावा असं घरमालकाने साहेबांना विचारलं, तेव्हा साहेबांनी एका शब्दात उत्तर दिलं होतं: मालवण.

पेटी पडावातून उतरताना पाहायला पुन्हा गर्दी जमली. दाजी पारकर होते, सुशीलाबाई शाळेच्या मुलींना रांगेत घेऊन आल्या होत्या. मथुरा पुढच्या रांगेत होती.

“मुंबयची पोथयो आमच्याकडे?” तिने विचारलं. “खरां?”

“खरां गो,” गुरुदास म्हणाला आणि गुडघाभर पाण्यात शिरला. “उचला रे! सांभाळून! एका बाजून नको, दोनी बाजून धरा! पाण्याक लागली तर माजो जीव घेतंय तुमचो!”

“तुजो की आमचो, ता आधी ठरव!” बाबली पेटीचं दुसरं टोक खांद्यावर घेत म्हणाला, आणि सगळे हसत हसत, लाटा कापत, पेटी वर घेऊन किनाऱ्याकडे चालू लागले.